घडीव पात्याला मूठ बसवताना

लोहाराने मन लावून घडवलेलं पातं सहसा दगा देत नाही, दगा देते ती मूठ. ट्रकच्या कमानपाट्यातून काढलेला कोयता वर्षानुवर्षं धार धरतो, पण त्याची मूठ दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात हलायला लागते. मग भोकात कागद कोंबणं, खिळा ठोकणं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळणं सुरू होतं. खिळ्याने लाकूड चिरतं. ट्यूबखाली घाम आणि पाणी कोंडून राहतं, आत लाकूड कुजतं, लोखंड गंजतं आणि बाहेरून मूठ मात्र घट्ट वाटत राहते. म्हणून मी हा उपाय सगळ्यांत वाईट मानतो. घाव घालताना मुठीतून निसटलेलं पातं कुठे जाईल, हे कुणाच्याच हातात नसतं.

काही वाचक आठवडी बाजारातून किंवा गावच्या लोहाराकडून नुसतं पातं आणतात आणि मूठ घरी बसवू पाहतात. काहींनी हौसेने स्वतःची लहान भट्टी मांडून सुऱ्या घडवायला सुरुवात केली आहे. त्यांचं पातं चांगलं उतरतं, पण मुठीशी येऊन काम अडतं. दोघांनाही सांगायचं ते एकच. मूठ टिकते ती बसणीवर. काही न लावता, काही न ठोकता, लाकूड आणि लोखंड कोरडेच एकमेकांत चपखल बसले पाहिजेत. इपॉक्सी, शेंबी (मुठीच्या तोंडावरचं धातूचं कडं), रिव्हेट यांचं काम त्या बसणीला राखण्याचं आहे. जी बसण मुळात नाही, ती त्यांच्याने येत नाही.

कुणासाठी, कशासाठी

लाकूड हातात घेण्याआधी हे पातं कोण वापरणार आणि कशासाठी, हे ठरवा. भाजी चिरायच्या सुरीला साधारण ११ ते १२ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटरच्या आसपास जाड आणि २.५ ते ३ सेंटिमीटर उंच मूठ पुरते. फांद्या छाटायच्या किंवा शहाळी फोडायच्या कोयत्याला १३ ते १५ सेंटिमीटर लांबी लागते आणि बुडाशी फुगवटा लागतो, म्हणजे घामेजलेल्या हातातून तो पुढे सरकत नाही. मासे कापायच्या सुरीची मूठ चकचकीत करू नका. ओल्या, खवले चिकटलेल्या हाताला थोडा खरबरीतपणाच हवा असतो.

मुठीचा आडवा छेद गोल नको, अंडाकृती हवा. गोल मूठ हातात फिरते. अंडाकृती मूठ धरली की धार कुठे वळली आहे हे न बघता कळतं. जाडी बघायची सोपी रीत अशी, की मूठ नेहमीसारखी धरल्यावर मधल्या बोटांची टोकं अंगठ्याच्या बुडाजवळ तळहाताला जेमतेम टेकली पाहिजेत. नखं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे, टोकं लांब राहत असतील तर जाड आहे.

घरातली सुरी आपल्याकडे बहुतेक वेळा बाईच्या हातात असते आणि मूठ मात्र घडवणारा पुरुष आपल्या पंजाच्या मापाने करून ठेवतो. याकडे लक्ष द्यायलाच हवं. जिच्यासाठी सुरी आहे तिच्या हातात कच्ची मूठ द्या, दोन कांदे चिरू द्या, कुठे बोचतं ते विचारा आणि मग शेवटची कानस फिरवा. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. तिथे तर दोघांचे हात पहाटेपासून त्या लाकडावरच असतात. चुकीच्या ठिकाणी राहिलेली एक कड तिथे घट्टा उठवते, फोड आणते. कडा मोडण्याचं काम म्हणूनच घाईने उरकू नये.

शेपूट तपासणं

पात्याचा जो भाग मुठीत जातो त्याला इथे शेपूट म्हणू. ते दोन तऱ्हांचं असतं. एक निमुळतं, लाकडाच्या पोटात जाणारं. आपले कोयते, विळे आणि बाजारातल्या बहुतेक साध्या सुऱ्या या प्रकारच्या. दुसरं मुठीइतकंच रुंद, ज्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या लावून रिव्हेट मारतात.

कोणतंही असो, पहिलं काम म्हणजे शेपूट आणि पातं जिथे मिळतात तो खांदा बघणं. आतला कोपरा काटकोनात, तीक्ष्ण असेल तर गोल कानशीने तो वाटोळा करा. सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो, आणि पातं विझवताना पडलेली बारीक चीर असली तर तीही बहुधा तिथेच सापडते. चीर दिसली तर ते पातं लोहाराला परत द्या. त्यावर मूठ बसवू नका.

दुसरं, शेपूट मऊ हवं. पाणी द्यायचं ते धारेला. शेपूटही तितकंच कडक राहिलं तर ते घावाच्या धक्क्याने वाकत नाही, तुटतं. जुनी कानस घासून बघा. कानस चावली तर शेपूट मऊ आहे, घसरली तर कडक. कडक असेल तर पातं ओल्या गोणपाटात गुंडाळा, शेपूट पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि फक्त तेवढ्याच भागाला गॅसच्या ज्योतीने निळा रंग चढेपर्यंत तापवा. पोलादावर हा निळा सुमारे ३०० अंश सेल्सिअसला येतो. त्याच वेळी पात्यावर नजर ठेवा. फिकट पिवळा रंग सुमारे २२० अंशांना दिसू लागतो. तो धारेकडे सरकताना दिसला की लगेच थांबा, नाहीतर धारेचं पाणी उतरेल आणि सगळी घडाई वाया जाईल. घाव घालायच्या हत्याराचं शेपूट मुठीच्या लांबीच्या निदान दोन तृतीयांश तरी आत गेलं पाहिजे. याहून आखूड शेपटाचे कोयते बाजारात सर्रास मिळतात. ते घेऊ नका.

आणि हे सगळं करताना धार बोथटच असू द्या. धार लावायची ती मूठ पूर्ण झाल्यावर. तोवर पात्यावर जाड पुठ्ठा बांधून वर चिकटपट्टी गुंडाळा.

लाकूड आणि ओल

मूठ का हलते, याचं मूळ लाकडाच्या स्वभावात आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली तर लाकडातली ओल त्याच्या कोरड्या वजनाच्या १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. ३० टक्के आर्द्रतेत ती ६ टक्क्यांच्या आसपास येते. कोकणातला जुलै आणि विदर्भातला मे यांच्यात साधारण एवढं अंतर पडतं. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ३ सेंटिमीटर रुंदीची सागाची मूठ या दोन टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फुगते-आकसते. लोखंड मात्र ओलीने तसूभरही हलत नाही. ओल्या लाकडात गच्च बसवलेलं शेपूट लाकूड सुकताना त्याला आकसू देत नाही आणि मग मुठीचं तोंड उभं चिरतं. शेंबी असेल तर उलट घडतं. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड शेंबीवर आतून दाबतं, त्याचे तंतू चेपतात, आणि उन्हाळ्यात आकसल्यावर ते पूर्वपदावर येत नाहीत. तुमच्या हातातला तो खुळखुळणारा कोयता बहुधा याच वाटेने गेलेला असतो.

म्हणून लाकूड सुकलेलंच हवं, आणि शक्यतो मूठ हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला बसवावी. सावलीत सुकायला इंचभर जाडीला वर्षभर धरून चालावं. मुठीच्या मापाहून मोठे तुकडे कापून, दोन्ही टोकांना मेण किंवा जुना रंग फासून माळ्यावर ठेवा. टोकं उघडी राहिली तर तिथून ओल भराभर उडते आणि भेगा पडतात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुकडा दर आठवड्याला तोला आणि वजन तुकड्यावरच लिहीत जा. वजन घटायचं थांबलं की लाकूड तयार झालं.

शेतीच्या आणि तोडायच्या हत्यारांना माझी पहिली पसंती बाभळीला. कठीण, चिवट आणि सहज मिळणारी. फक्त तिचा बाहेरचा फिकट भाग काढून टाका, कारण किडे तोच पोखरतात. आतलं तांबूस लाकूड घ्या. धामण आणि तिवस ही दणका सोसणारी, लवचीक लाकडं. दांड्यांसाठी ती फार जुन्या काळापासून वापरात आहेत. शिसव जड, गर्द आणि अंगाने घट्ट; स्वयंपाकाच्या सुरीला ती शोभते. साग हवामानाला फारसा बधत नाही आणि कापायला सोपा, पण त्याच्या अंगात तेल असतं, त्यामुळे इपॉक्सी लावण्याआधी तो अ‍ॅसिटोनने पुसावा लागतो. अंजन इतकं कठीण की कानशी झिजतात. नवख्याने त्याच्या वाट्याला जाऊ नये. आंब्याचं लाकूड मुठीला घेऊ नका. ते मऊ असतं आणि ओलीत लवकर बिघडतं.

साग, खैर, तिवस, अंजन ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत, आपल्या बांधावरचं झाडही परवानगीशिवाय पाडता येत नाही. मुठीला मुळात लागतो तो वीतभर तुकडा. वखारीत, फर्निचरच्या कारखान्यात, जुनी घरं उतरवतात तिथे असे तुकडे ढिगाने पडलेले असतात, आणि जुन्या दारा-खिडक्यांचं लाकूड तर सुकून मुरलेलं असतं. सांबरशिंगाच्या मुठीचा मोह मात्र कुणी धरू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे, गळून पडलेल्या शिंगाचासुद्धा.

तुकडा निवडताना रेषा मुठीच्या लांबीला समांतर धावत आहेत ना, हे बाजूने आणि वरून बघा. रेषा तिरक्या होऊन बाहेर पडत असतील तर मूठ त्याच तिरक्या रेषेत फुटणार. गाठ नको. खोडाच्या अगदी मध्याचा ठिपका तुकड्यात आला असेल तर तोही नको, सगळ्या भेगा त्याच्यापासूनच निघतात.

तापवून बसवणं

निमुळत्या शेपटाची मूठ बसवायची जुनी पद्धत म्हणजे शेपूट तापवून लाकडात उतरवणं. लोखंड स्वतःच्या आकाराचं भोक स्वतः करून घेतं, आणि लोहाराच्या हातचं शेपूट कधीच अगदी सरळ-समान नसल्यामुळे ड्रिलने जे जमत नाही ते इथे जमतं. मात्र ही पद्धत नीट समजून केली पाहिजे. अर्धवट केली तर भोकाला कोळशाचा भुसभुशीत थर राहतो, आणि कोळसा काही धरून ठेवत नाही.

मूठ आधी घडवून मग भोक पाडू नका. ठोकळा शेवटच्या मापाहून सर्व बाजूंनी निदान पाच मिलिमीटर मोठा ठेवा. भोक थोडं तिरकं गेलं तरी नंतर पात्याच्या रेषेप्रमाणे मूठ कोरता येते. ठोकळ्याच्या चारही अंगांवर आणि दोन्ही टोकांवर मध्यरेषा आखा.

समजा शेपूट १० सेंटिमीटर लांब आहे, खांद्याशी १० मिलिमीटर रुंद आणि टोकाशी ४. तर ४ मिलिमीटरच्या ड्रिलने पूर्ण खोलीचं भोक पाडा, ६ च्या ड्रिलने दोन तृतीयांश आणि ८ च्या ड्रिलने एक तृतीयांश. ड्रिलवर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करून घ्या. आता थंड शेपूट हाताने घालून बघा. ते बरंचसं आत गेलं पाहिजे. तापलेल्या लोखंडाला जितकं कमी जाळावं लागेल तितकी बसण चांगली.

पातं ओल्या गोणपाटात गुंडाळून खांद्याजवळ व्हाइसमध्ये पकडा. व्हाइसचं जड लोखंड उष्णता ओढून घेतं आणि धार वाचते. शेपूट काळपट लाल होईपर्यंत तापवा, सावलीत जेमतेम दिसेल इतपत लाल. मग ठोकळा मध्यरेषा धरून त्यावर दाबा, दोन-तीन सेकंदांत बाहेर काढा, कोळसा झटकून टाका. पुन्हा तापवा, पुन्हा दाबा. धूर खूप होतो, म्हणून हे काम अंगणात करा आणि पाण्याची बादली जवळ ठेवा. ठोकळा जितका वेळ तापलेल्या शेपटावर राहील तितका कोळशाचा थर वाढतो. एकदाच दाबून धरण्याची घाई नडते ती इथे.

खांदा लाकडाला टेकायला साधारण एक सेंटिमीटर उरलं की थांबा. एवढं अंतर थंडपणी ठोकून भरायचं आहे, आणि मुठीची खरी पकड त्याच सेंटिमीटरात आहे. सगळं थंड होऊ द्या. टोक वाकवलेल्या तारेने किंवा बारीक कानशीने आतला कोळसा खरवडून काढा. मग शेपूट हाताने घालून पात्याच्या पाठीवरून, एक डोळा मिटून, सरळ रेषेत बघा. वाकडेपणा असेल तर तो आत्ताच दुरुस्त होतो, नंतर नाही.

शेवटचं ठोकण्याआधी मुठीच्या तोंडावर शेंबी चढवायची. ती लाकडाचं तोंड फुटू देत नाही. पितळी किंवा तांब्याच्या नळीचा दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा तुकडा छान चालतो. तोंड थोडं निमुळतं कोरा आणि शेंबी लाकडी ठोकणीने गच्च बसवा. बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतात तशी शेंबीही तापवून बसवावी, असं पुष्कळांना वाटतं. हिशेब करून बघण्यासारखा आहे. सव्वा मीटर व्यासाच्या लोखंडी धावेचं तापमान ४०० अंशांनी वाढलं की तिचा व्यास सुमारे ६ मिलिमीटरने वाढतो, आणि थंड होताना तेवढ्याच जोराने ती चाकाला आवळते. २५ मिलिमीटरची शेंबी तितकीच तापवली तर वाढ मिळते जेमतेम दोन दशांश मिलिमीटर, आणि तिच्याखालचं लाकूड जळून जातं त्याहून जास्त. मोठ्या चाकाला जी युक्ती लागू पडते ती इथे उलटते. शेंबी थंडच ठोकावी.

आता भोकात काय भरायचं? जुन्या तलवारींच्या मुठींत लाखेचं मिश्रण भरलेलं असायचं. लाख आणि विटेची बारीक भुकटी भोकात घालून, लाख वितळण्यापुरतं कोमट-गरम शेपूट खुपसलं की थंड होताना ती दगडासारखी घट्ट होते. लाख ७५-८० अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे पुढे कधी मूठ बदलायची झाली तर पातं न दुखवता ती सुटते, हा तिचा मोठा गुण. पण ती ठिसूळ असते. सुरीला ती मी आनंदाने वापरेन, कोयत्याला नाही.

कोयत्याला दोन भागांची, सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी घ्या. पाच मिनिटांत सुकणारी नको. शेपूट ६० किंवा ८० नंबरच्या पेपरने आडवं-उभं खरबरीत करा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर त्याला बोट लावू नका. बंद भोकात इपॉक्सी काठोकाठ भरली तर आत कोंडलेली हवा शेपटाला आत जाऊ देत नाही. म्हणून शेपटाच्या एका अंगाला कानशीने बारीक उभी खाच पाडा, त्यातून हवा आणि जास्तीची इपॉक्सी बाहेर येते. सुताराचा पांढरा गोंद इथे निरुपयोगी आहे. त्यातल्या पाण्याने लोखंड गंजतं आणि धातूला तो धरतही नाही.

ठोकायचं कसं? पात्यावर घण घालायचा नाही. मूठ हातात उभी धरा, पातं खाली लोंबतं ठेवा आणि मुठीच्या बुडावर लाकडी ठोकणीने दमदार ठोके द्या. पातं आपल्या जडत्वाने जागीच राहतं आणि मूठ त्याच्यावर सरकत जाते. कुऱ्हाडीच्या दांड्यालाही सुतार असेच ठोके देतो. खाली पाय नको, मूल नको, कुत्रंही नको. खांदा टेकला की ठोक्याचा आवाज बदलतो, पोकळ वाजायचा तो भरीव वाजू लागतो.

जोराच्या कामाच्या हत्याराला आणखी एक आधार द्यावा, मुठीतून आणि शेपटातून आडवी जाणारी ३ मिलिमीटरची पितळी सळई. तिचं भोक तोंडापासून तीन सेंटिमीटर तरी मागे असावं, नाहीतर लाकूड तिथूनच फाटायला सुरुवात होते. दुसरा पर्याय म्हणजे शेपूट मुठीतून आरपार काढून बुडाशी लोखंडी चकतीवर ठोकून पसरवणं. ही सगळ्यांत भरवशाची बसण. पण शेपूट तेवढं लांब हवं, ते लोहाराला आधीच सांगावं लागतं.

दोन पट्ट्यांची मूठ

रुंद शेपटाच्या सुरीला लाकडाच्या दोन पट्ट्या लागतात. ही मूठ दिसायला सोपी, पण इथे सपाटपणाची परीक्षा असते. घडीव शेपूट हातोड्याखालून आलेलं असतं, ते क्वचितच सपाट निघतं. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर ते घासा आणि पट्टी टेकवून उजेडाकडे धरून बघा. कडेने उजेड झिरपला तर पुढे तिथूनच पाणी झिरपणार. मध्यभागी किंचित खोलगट राहिलं तर चालतं, इपॉक्सीला तिथे जागा मिळते; पण कडा सगळीकडून टेकल्याच पाहिजेत.

रिव्हेटची भोकं पातं विझवण्याआधी पाडलेली असली तर उत्तम. आणखी तीन-चार जास्तीची भोकंही पाडून घ्यावीत. त्यातून दोन्ही बाजूंची इपॉक्सी एकमेकींना मिळते आणि मुठीचं वजन थोडं उतरतं. पट्ट्या एकाच तुकड्यातून चिरून काढा, ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे दोन्हींचं फुगणं-आकसणं सारखं राहील. एक पट्टी शेपटाला क्लँपने आवळून शेपटाच्या भोकांतूनच ड्रिल चालवा. मग त्या भोकांत सळया घालून ठेवा आणि दुसरी पट्टी त्यांच्या आधाराने जुळवा. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या मापून भोकं पाडली तर ती कधी जुळत नाहीत.

पट्ट्यांची पात्याकडची टोकं इपॉक्सी लावण्याआधीच आकार देऊन, घासून, चकचकीत करून घ्यावीत. चिकटवल्यानंतर तिथे कानस पोचत नाही, पोचली तर पात्यावर ओरखडा उठतो. नवख्यांच्या सुऱ्यांमध्ये मला हाच दोष सगळ्यांत जास्त दिसतो: सगळी मूठ गुळगुळीत आणि पात्यालगतची ती एक कड ओबडधोबड, करवतीच्या खुणांसकट.

सगळं आधी कोरडंच जोडून बघा. मगच इपॉक्सी. क्लँप जीव खाऊन आवळू नका, सगळी इपॉक्सी बाहेर पडून सांधा उपाशी राहतो. कडेने बारीक थेंब सलग फुटले की पुरे. पात्यावर आलेली इपॉक्सी ओली असतानाच अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा. चोवीस तास हात लावायचा नाही.

रिव्हेटसाठी ३ ते ५ मिलिमीटरची पितळी सळई घ्या. दोन्ही बाजूंना दीड-दोन मिलिमीटर बाहेर राहील अशी कापा आणि भोकाच्या तोंडाला किंचित उतार द्या. सळई त्या उतारात पसरते आणि पट्टीला धरते. ठोके हलके, पुष्कळ आणि कडेकडेने गोल फिरत द्या. एकच जोराचा ठोका सळई मधून फुगवतो आणि लाकूड चिरतो. शिसवीसारखं कडक लाकूड तर आधी सांगतही नाही.

आकार देणं, तेल पाजणं

आकार देताना आधी कानस, मग ८० पासून ४०० नंबरपर्यंतचे पेपर. मशिनच्या पट्ट्यावर घासत असाल तर दर काही सेकंदांनी रिव्हेटला बोट लावून बघा. पितळ झपाट्याने तापतं, त्याच्याभोवतीचं लाकूड काळं पडतं आणि आतली इपॉक्सी मऊ होते. लाकडाची बारीक धूळ, विशेषतः शिसवीची, काहींना सोसत नाही. नाकाला मास्क लावा.

शेवटी जवसाचं तेल, उकळवलेलं. कच्चं जवस तेल सुकायला आठवडे लागतात आणि खोबरेल तर सुकतच नाही. मुठीला ते चिकट राहतं, ते पात्याच्या लोखंडाला लावा. तेलाचे तीन-चार पातळ हात, प्रत्येक हातानंतर जास्तीचं पुसून एक दिवस सुकू द्यायचं, वर मधमाशीच्या मेणाचा हात. एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. जवस तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं, आणि घडीत कोंडलेल्या उष्णतेने फडकं आपोआप पेटू शकतं. ते मोकळं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नंतरचं वर्ष

थंडीत अगदी सपाट केलेल्या मुठीत मे महिन्यात पट्ट्यांच्या कडेला लोखंडाची बारीक धार बोटाला लागू लागते. घाबरायचं कारण नाही, लाकूड आकसलं आहे. लगेच कानस घेऊ नका. पावसाळ्यात लाकूड परत फुगेल आणि मग उलटी पायरी तयार होईल. दोन ऋतू बघा. त्यानंतरही बोचत असेल तर लोखंडाची कड हलकेच मोडा. पावसाआधी आणि पावसानंतर तेलाचा एकेक हात द्या. सुरी पाण्यात भिजत घालू नका, उकळत्या पाण्यात तर नाहीच; साधी इपॉक्सी ६०-७० अंशांपुढे ढिली पडू लागते.

जुनी, हललेली मूठ पुन्हा बसवायची असेल तर ती आधी पूर्ण काढा. अर्धवट डागडुजीने आतला गंज झाकला जातो. शेंबी सरकवून, लाकूड पटाशीने उभं फोडून शेपूट मोकळं करा. गंज तारेच्या ब्रशने आणि पेपरने लोखंड दिसेपर्यंत काढा, मग व्हर्नियर कॅलिपरने जाडी मोजा. सगळ्यांत जास्त खाल्लेली जागा बहुधा खांद्याच्या थोडी आत, मुठीच्या तोंडाशी असते, कारण पाणी तिथून शिरतं आणि तिथेच साठतं. एक तृतीयांशाहून जास्त जाडी गेली असेल तर त्या शेपटावर घाव घालायचं काम सोपवू नका. लोहाराला दाखवा, तो पातं आखूड करून मागच्या अंगातून नवं शेपूट ओढून काढू शकतो. तसं करताना धारेला पुन्हा पाणी द्यावं लागतं, तेही त्याच्याकडूनच करून घ्या आणि मगच नवा ठोकळा कापायला घ्या.